चिनी बोलणारी मुले इंग्रजी वाचायला कशी शिकतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी मँडरिन किंवा कँटनीज या चिनी भाषा बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी वाचन शिकवताना शिक्षकांना आणि पालकांना पडणारे हे प्रश्न आहेत. अशा वर्गांवर मराठी शिक्षकही असतात. मराठी कान आणि मराठी वर्णमाला इथे बऱ्याच कामाला येतात, म्हणून जागोजागी त्यांचा आधार घेतला आहे. इंग्रजी अक्षराचे नाव सांगायचे असेल तिथे बी, क्यू असे लिहिले आहे आणि ध्वनी सांगायचा असेल तिथे ब्, छ् असे.

चिनी लिपीतून आलेल्या मुलाला इंग्रजी वाचन इतके वेगळे का वाटते?

चिनी लिपीत एक चिन्ह म्हणजे एक पूर्ण सिलॅबल (एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा) आणि बहुतेक वेळा एक अर्थ. 'मा' म्हणजे घोडा, त्याला एक चिन्ह. वेगळ्या सुरात म्हटलेला 'मा' म्हणजे आई, तिला दुसरे चिन्ह. आईच्या चिन्हात डावीकडे 'स्त्री' असते आणि उजवीकडे तोच घोडा. घोड्याचे तिथे काम एवढेच, की हे 'मा'सारखे वाचायचे हे सुचवायचे. बहुसंख्य चिनी चिन्हे अशीच अर्थाचा एक आणि उच्चाराचा एक तुकडा जोडून बनली आहेत. पण उच्चाराचा तुकडा अख्खा सिलॅबल सुचवतो, आणि तोही पुष्कळदा अंदाजे. त्या चौकोनात म् कुठे संपला आणि आ कुठे सुरू झाला हे कुठेच लिहिलेले नसते.

मराठी मूल बाराखडी घोकताना नकळत हेच शिकते: म, मा, मि, मी यांत म् तोच राहिला, स्वर बदलला. चिनी मुलाला हा धडा त्याच्या लिपीतून मिळत नाही. त्याऐवजी त्याची नजर आणि स्मरणशक्ती कमालीची तयार होते. चीनच्या २०११ च्या अभ्यासक्रमानुसार दुसरीच्या अखेरीपर्यंत मुलाला सुमारे १६०० चिन्हे ओळखता आणि त्यांतली सुमारे ८०० लिहिता यायला हवीत; सहावीच्या अखेरीस ओळखायची ३००० आणि लिहायची २५००. एवढा सराव झालेले मूल इंग्रजीकडे वळते तेव्हा हेच हत्यार उचलते: अख्खा शब्द डोळ्यांत साठवायचा. पहिले काही शे शब्द असे सहज निभावतात, आणि म्हणूनच अडचण उशिरा उघड होते. तिसरी-चौथीपर्यंत हुशार समजले जाणारे मूल पुढे नवा शब्द समोर आला की गप्प बसते.

पण चिनी मुलांना पिनयिन येते. मग रोमन अक्षरे ओळखीचीच असणार ना?

ओळखीची असतात. तीच मदत आणि तीच अडचण.

पिनयिन म्हणजे मँडरिनचे उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत. चीनने ती ११ फेब्रुवारी १९५८ रोजी मंजूर केली आणि मुख्य भूमीवर ती पहिलीतच शिकवतात. तिचा फायदा खरा आहे. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीनमधल्या प्रौढ साक्षरांना सिलॅबलच्या सुरुवातीला व्यंजन जोडायला किंवा तिथले व्यंजन काढायला सांगितले होते. पिनयिन शिकलेल्यांना ते जमले. फक्त चिन्हे शिकलेल्यांना ते फारसे जमले नाही. सुटा ध्वनी ऐकू येणे ही वयाबरोबर आपोआप येणारी गोष्ट नाही, ती ध्वनी दाखवणारी लिपी शिकल्याने येते, हे त्यातून दिसले.

आता अडचणी. मराठी माणसाला त्या चटकन समजतील, कारण आपल्याकडे अल्पप्राण (प्), महाप्राण (फ्) आणि घोष (ब्) यांना वेगळी अक्षरे आहेत. पिनयिनमधला बी हा आपल्या प् च्या जवळचा आहे, आणि पी म्हणजे ओठ मिटून हवेच्या झोताने काढलेला फ्. तसेच डी म्हणजे त्, टी म्हणजे थ्. जी म्हणजे क्, के म्हणजे ख्. मँडरिनमध्ये ब्, द्, ग् हे घोष ध्वनी मुळातच नाहीत. शब्दाच्या सुरुवातीला हे खपून जाते, कारण इंग्रजी कानाला तो प्सारखा उच्चार ब् असाच ऐकू येतो. शब्दाच्या शेवटी मात्र 'बॅग' आणि 'बॅक' एकच होऊन बसतात.

पुढची अक्षरे जास्त फसवतात. पिनयिनचा क्यू म्हणजे जवळजवळ छ्, एक्स म्हणजे जवळजवळ श्, झेड म्हणजे 'चाक' शब्दातला च्, आणि सी म्हणजे त्याच च् चे महाप्राण रूप. आपला 'चाक' आणि 'चिमणी' यांतल्या च मधला फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याला पिनयिनचे झेड आणि जे वेगळे का हे समजावून सांगावे लागत नाही. स्वरांतही घोळ आहेच: आय-ए-एन ही जोडणी पिनयिनमध्ये 'येन' अशी वाचतात.

तिसरी अडचण क्वचितच कोणाच्या लक्षात येते. पिनयिनची व्यंजने वर्गात स्वर लावून म्हणतात: बो, पो, मो, फो, द, त, न, ल. मूल हीच सवय इंग्रजीत आणते आणि 'बॅट' सुटा करून म्हणताना 'बो-ऍ-त' म्हणते. हे तीन तुकडे कितीही वेगाने जोडले तरी 'बॅट' होत नाही.

आणि एक छापील बाब. चिनी पाठ्यपुस्तकांत पिनयिनचे लहान ए आणि जी हाताने लिहितो तसे, साध्या गोलाचे छापतात. इंग्रजी पुस्तकात ए ला वर टोपी असते आणि जी ला खाली दुसरा गोल. पहिल्या आठवड्यातच दोन्ही रूपे शेजारी लिहून दाखवावीत. पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते न केल्याने मुले उगाच अडतात.

तैवान, हाँगकाँग आणि सिंगापूरच्या मुलांनाही हेच लागू होते का?

नाही. मूल कुठून आले हे आधी विचारावे.

तैवानमध्ये पहिलीचे पहिले दहा आठवडे झूयिन, म्हणजे बोपोमोफो ही उच्चारलिपी, शिकवतात. यात ३७ खुणा आहेत आणि त्या रोमन नाहीत. त्यामुळे क्यू-एक्सचा गोंधळ होत नाही. पण 'आन', 'अन', 'आंग', 'अंग' यांना प्रत्येकी एकच खूण आहे, म्हणजे शेवटचा न् स्वरापासून कधीच सुटा दिसत नाही. पिनयिनमध्येही शेवटचा भाग एकत्रच घोकतात, पण निदान एन डोळ्यांना दिसतो तरी.

हाँगकाँगमध्ये मुले तिसऱ्या वर्षापासून बालवाडीत चिनी चिन्हे आणि इंग्रजी शब्द दोन्ही शिकतात, आणि परंपरेने दोन्ही 'बघा आणि म्हणा' पद्धतीने. मधे कुठलीही उच्चारलिपी नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलियात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरच्या एका अभ्यासात याचा परिणाम स्पष्ट दिसला: हाँगकाँगहून आलेले विद्यार्थी खरे इंग्रजी शब्द वाचत होते, पण निरर्थक शब्द वाचताना ते चीनमधून आलेल्यांच्या मागे पडले. हाँगकाँगच्या मुलांच्या कँटनीजचा एक फायदा आहे, तो पुढे येतो.

सिंगापूरमध्ये १९८७ पासून सर्व शाळांचे मुख्य माध्यम इंग्रजी आहे. तिथल्या पुष्कळ मुलांना इंग्रजी बोलता येत असते आणि त्यांना आधार लागतो तो बहुधा चिनीत.

कोणते ध्वनी अडतात?

मँडरिनमध्ये सूर सोडले तर सुमारे ४०० सिलॅबल आहेत. जोडव्यंजने नाहीत. सिलॅबलचा शेवट स्वराने, न् ने किंवा ङ् ने होतो. बीजिंगकडे जिभ मुरडून काढलेला र्‍ही येतो. म्हणून इंग्रजी शब्दाचा शेवट हीच मँडरिन मुलाची खरी कसोटी. तो शेवट गिळतो किंवा त्याला स्वर चिकटवतो: 'डॉग'चे 'डॉ' किंवा 'डॉग-अ'. 'स्कूल' आणि 'ॲपल'मधला शेवटचा ल् विरघळून ओ किंवा अर् होतो.

कँटनीजमध्ये शब्दाच्या शेवटी प्, त्, क्, म् येतात, पण ते फुटत नाहीत, ओठ किंवा जीभ नुसती टेकून थांबते. त्यामुळे ते मूल 'कॅप' आणि 'कॅट' यांतला फरक ऐकते, मात्र त्याचा उच्चार समोरच्याला ऐकू येत नाही. शिक्षक चूक समजून दुरुस्त करतो आणि मुलाला काय चुकले तेच कळत नाही. अशा वेळी मुलाला अक्षर लिहून दाखवायला सांगावे. लिहिले बरोबर तर कान ठीक आहे, फक्त उच्चार सोडवायचा आहे.

'थिंक'चे मँडरिन मूल 'सिंक' करते, कँटनीज मूल बहुधा 'फिंक'. कँटनीजमध्ये श् नाही, म्हणून 'शिप'चे 'सिप' होते. मँडरिनमध्ये ओठ-दातांचा व्ही नाही, म्हणून 'व्हेरी' डब्ल्यूने सुरू होते. 'शिप-शीप' आणि 'बेड-बॅड' दोन्हीकडे अडतात. र् आणि ल् ची गफलत सर्व चिनी मुलांच्या माथी मारू नये: मँडरिनमध्ये दोन्ही आहेत. कँटनीजमध्ये र् नाही. सिचुआन, हुनान, हुबेई या भागांतल्या कित्येक घरांत न् आणि ल् एकमेकांत मिसळतात, आणि कँटनीजमध्ये तरुण पिढी न् च्या जागी ल् म्हणते, म्हणून 'नाइट'चे 'लाइट' होते.

बोलण्यात नसलेला ध्वनी लिहिण्यातही चुकतो. कॅनडातल्या कँटनीज मुलांवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 'थ' आणि 'श' या ध्वनींची स्पेलिंगे सुरुवातीला नेमकी चुकत होती, आणि दुसरीच्या अखेरीपर्यंत ती मुले बरोबरीला आली. तेव्हा पहिल्या वर्षी या चुकांसाठी गुण कापून काही साधत नाही.

सुरुवात कशी आणि कोणत्या क्रमाने करावी?

आधी कान, मग अक्षर. रोज १५ मिनिटे, आठवड्यात चार-पाच दिवस. शनिवारी एकदम दीड तास घेतल्याने हे साधत नाही.

१. यमक तोडणे. 'कॅट' म्हणजे क् आणि ऍट. चिनी मुलाला हे लगेच जमते, कारण पिनयिनमध्येही सिलॅबल असाच दोन भागांत तोडतात: सुरुवातीचे व्यंजन आणि उरलेला भाग. 'कॅट, हॅट, मॅट, फॅट' असा खेळ एक-दोन आठवडे पुरे. इथे जास्त रेंगाळू नये. पुष्कळ वर्ग इथेच सुखावतात आणि पुढे जात नाहीत.

२. पहिला ध्वनी. आठ-दहा चित्रे घेऊन स् ने सुरू होणारी एका बाजूला, म् ने सुरू होणारी दुसऱ्या बाजूला. व्यंजनाला स्वर लावू नये, हे सगळ्यात आधी शिक्षकाने पाळायचे. स्, म्, फ् लांबवता येतात, म्हणून ते आधी. प्, ट्, क् मागाहून, कुजबुजल्यासारखे.

३. शेवटचा ध्वनी. इथे तीन-चार आठवडे द्यावेत, कारण मँडरिन मुलासाठी हा नवा प्रदेश आहे. 'कॅन, कॅप, कॅट, कॅब' असे चार शब्द घ्यावेत, ओळखीच्या न् पासून सुरुवात करावी. 'कॅब-कॅप', 'बॅग-बॅक' या जोड्यांत नुसते शेवटचे व्यंजन ऐकवू नका. इंग्रजीत घोष व्यंजनाआधीचा स्वर लांबतो. तो लांबपणा हाताने हवेत ओढून दाखवा. मुले फरक पकडतात ती बहुधा त्यावरूनच.

४. मधला स्वर. आधी दूरचे स्वर ('पिन-पॅन'), नंतर जवळचे ('पिन-पेन', 'बेड-बॅड').

५. चौकोन. कागदावर तीन चौकोन आखा आणि तीन बटणे द्या. 'सन' म्हणताना प्रत्येक ध्वनीला एक बटण सरकवायचे. दोन आठवड्यांनी बटणांच्या जागी अक्षरांचे तुकडे. 'शिप'ला अक्षरे चार पण चौकोन तीनच, एस आणि एच एकाच चौकोनात बसतात. एका चौकोनात एक चिन्ह बसवायची सवय चिनी मुलाच्या हाताला आहे, म्हणून ही रीत त्याला आपलीशी वाटते. फक्त आता चौकोनात सिलॅबल नाही, ध्वनी बसतो.

६. जोडव्यंजने. 'टॉप' वाचता आल्यावर पुढे एक चौकोन जोडून 'स्टॉप'. मग 'प्लेन', 'ट्री'. शेवटची जोडव्यंजने ('मिल्क', 'डेस्क', 'हँड') सगळ्यात शेवटी. मधे स्वर शिरला की चौकोनांपेक्षा बटणे जास्त लागतात, आणि चूक मुलाला स्वतःच दिसते.

अक्षरांचा क्रम इंग्लंडमधल्या बऱ्याच वर्गांत चालतो तसा एस, ए, टी, पी, आय, एन असा ठेवावा. सहा अक्षरांत 'सॅट', 'पिन', 'टॅप', 'नॅप' असे पुष्कळ शब्द होतात. पिनयिन शिकलेल्या मुलासाठी एक बदल मात्र करावा: क् हा ध्वनी आधी के ने शिकवावा, सी नंतर. क्यू, एक्स आणि झेड सर्वांत मागे.

मुलगी श्रुतलेखनात पैकीच्या पैकी गुण आणते. तिला ध्वनी शिकवायची गरज आहे का?

गुणांवरून सांगता येणार नाही. स्पेलिंग तिने डोळ्यांनी पाठ केले असेल तर श्रुतलेखन ध्वनींची परीक्षा घेतच नाही. कॅनडातल्याच एका अभ्यासात चिनी मुलांनी डोळ्यांपुढे क्षणभर दाखवलेली अक्षरमालिका इंग्रजीभाषक मुलांपेक्षा चांगली लिहिली, अगदी उच्चारता न येणारीही. पण ऐकवलेला निरर्थक शब्द लिहिताना ती मागे पडली.

म्हणून निरर्थक शब्द वाचायला द्या: व्हॅम, टेग, फिप, शॉब, थट, लुंप, स्निब. दहा शब्द, वेळेचे बंधन नको. 'हे शब्द खरे नाहीत, परग्रहावरच्या प्राण्यांची नावे आहेत' असे आधी सांगा, नाहीतर मूल ओळखीचा शब्द शोधत बसते. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या मुलांची अशीच तपासणी होते, ४० शब्दांपैकी २० निरर्थक. दहांपैकी आठ-नऊ वाचले तर निर्धास्त असावे. चार-पाचच जमले तर पहिल्या-दुसऱ्या पायरीवर परत जा, गुण कितीही चांगले असोत.

चुकांची जातही पाहा. 'हाउस' ऐवजी 'हॉर्स', 'वॉन्ट' ऐवजी 'वेंट', 'फॉर्म' ऐवजी 'फ्रॉम' वाचणारे मूल शब्दाचा चेहरा ओळखते आहे, आवाज काढत नाही.

प्रत्येक शब्द दहा-दहा वेळा लिहून काढल्याने फायदा होतो का?

चिनी चिन्हांसाठी होतो. रेघांचा क्रम हातात बसला की चिन्ह लक्षात राहते, आणि ज्या मुलांचा हात चांगला चालतो त्यांचे चिनी वाचनही चांगले असल्याचे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या बीजिंगमधल्या अभ्यासात दिसले. पालक तोच नियम इंग्रजीला लावतात. पण 'बी-यू-एस, बस' असे अक्षरांची नावे घेत दहा वेळा लिहिले तर हात थकतो आणि ध्वनी कुठेच जोडला जात नाही.

तीन वेळा लिहा, पण असे: शब्द म्हणा, ध्वनी बोटांवर मोजा, प्रत्येक ध्वनी म्हणत त्याचे अक्षर लिहा, झाकून पुन्हा लिहा. चीनमध्ये गृहपाठ आणि खासगी शिकवण्या कमी करणाऱ्या २०२१ च्या 'दुहेरी कपात' धोरणानंतर पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ देता येत नाही. बटणे, चित्रे आणि बोटे यांच्यावर चालणारे हे काम त्या चौकटीत नीट बसते.

इंग्रजी शब्दावर चिनी चिन्हांत उच्चार लिहू द्यावा का?

नाही. 'थँक यू'वर मुले 'सान-ख-योउ' ही तीन चिन्हे लिहितात. त्यांचा शब्दशः अर्थ तीन ग्रॅम तेल. चिनी चिन्ह सुटे व्यंजन लिहूच शकत नाही, म्हणून 'क्' ला स्वर चिकटतोच आणि तो पुढे सुटता सुटत नाही. मराठी मूल इंग्रजी शब्दावर देवनागरीत उच्चार लिहिते तेव्हा एवढे नुकसान होत नाही, कारण देवनागरीत 'स्ट्रीट' लिहिता येते.

मुलाला आधार हवाच असेल तर शब्दाखाली ठिपके द्या: एका ध्वनीला एक ठिपका, दोन अक्षरे मिळून एक ध्वनी असेल तर त्यांखाली रेघ.

इंग्रजीत नियम इतके मोडतात, मग ध्वनी शिकून उपयोग काय?

'सेड', 'वॉज', 'वन' यांसारखे शब्दही सगळेच्या सगळे मोडके नसतात. 'सेड'मध्ये एस आणि डी नेमाने वागतात, फक्त मधली ए-आय ही जोडी हट्टी आहे. तेवढ्याच भागाला रंग द्या आणि तो डोळ्यांनी लक्षात ठेवायला सांगा. इथे चिनी मुलाची दृश्यस्मृती खरोखर कामाला येते. आठवड्याला असे तीन ते पाच शब्द, जास्त नकोत.

मूल घडाघडा वाचते, पण अर्थ विचारला तर सांगता येत नाही. का?

वाचून समजणे म्हणजे शब्द उलगडणे गुणिले ऐकून समजणे. दोन्हींपैकी एक शून्य असले की गुणाकार शून्य. ज्या मुलाला 'पडल' हा शब्द कधी कानावर पडलेला नाही, त्याने तो अचूक वाचला तरी डबके डोळ्यांपुढे येत नाही.

चीनच्या २०११ च्या इंग्रजी अभ्यासक्रमात सहावीच्या अखेरीस ६०० ते ७०० शब्दांची अपेक्षा होती. शाळेत येणारे इंग्रजीभाषक मूल त्याच्या कितीतरी पट शब्द तोंडी घेऊनच येते. ही दरी फोनिक्सने, म्हणजे अक्षरांचे ध्वनी शिकवून, भरत नाही. रोज दहा-पंधरा मिनिटे मोठ्याने वाचून दाखवावे, मूल स्वतः वाचू शकते त्यापेक्षा वरच्या पातळीचे, आणि तेच पुस्तक आठवड्यात तीनदा. पहिल्यांदा नुसती गोष्ट, दुसऱ्यांदा पाच-सहा शब्दांवर थांबून, तिसऱ्यांदा मूल सांगते आणि आपण ऐकतो.

शब्दसंग्रहात चिनी मुलाची एक बाजू भक्कम असते: जोडशब्द. चिनीत रेल्वे म्हणजे 'ह्वो-छ', आग आणि गाडी, म्हणजे शब्दशः आपली आगगाडी. संगणक म्हणजे 'द्येन-नाव', विजेचा मेंदू. सोमवार म्हणजे 'आठवडा-एक'. शब्दाचे तुकडे करून अर्थ लावण्याची सवय असल्यामुळे 'टूथब्रश', 'सनफ्लॉवर', 'रेनकोट' ही मुले पटकन उलगडतात. याच सवयीवर पुढे 'अन-', 'री-', '-लेस', '-फुल', '-नेस' बसवावेत. मात्र '-शन'सारखे प्रत्यय शब्दाचा उच्चारही बदलतात ('मॅजिक' आणि 'मॅजिशन'), आणि चिनीत अशी सवय नाही. ते पाचवीनंतर, शब्दांची कुटुंबे एका पानावर लिहून शिकवावेत.

शब्दाच्या शेवटचे एस आणि ईडी मुले वाचतच नाहीत. दुर्लक्ष आहे का?

दुर्लक्ष नाही. चिनीत अनेकवचनाने किंवा काळाने शब्दाचे रूप बदलत नाही, त्यामुळे ही शेपटी अर्थाची आहे हेच त्यांना जाणवत नाही. त्यात शब्दाचा शेवट ऐकू न येण्याची अडचण. 'वॉक्ड'मध्ये ट्, 'प्लेड'मध्ये ड्, 'वाँटेड'मध्ये इड, असे एकाच ईडीचे तीन उच्चार आहेत. तीन डबे ठेवा, क्रियापदांच्या २० चिठ्ठ्या द्या आणि ऐकून टाकायला सांगा. वाचताना चूक झाली तर 'ईडी राहिले' असे म्हणू नका, 'हे काल घडले की रोज घडते?' असे विचारा.

चिनी वाचन काही काळ थांबवले तर इंग्रजी लवकर सुधारेल का?

थांबवू नये. चिनीतून मिळालेली जगाची माहिती, गोष्टीचा अंदाज बांधण्याची सवय, जोडशब्दांची जाण, हे सगळे इंग्रजीत उतरते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चिनी मुलांच्या अभ्यासात चिनी सुरांची जाण आणि निरर्थक इंग्रजी शब्दांचे वाचन यांत संबंध आढळला. चांगला कान दोन्हीकडे चालतो.

आईवडिलांचे इंग्रजी कच्चे असले तरी चालते. आवाजासह पुस्तक लावून मुलासोबत बसावे आणि गोष्टीवर चिनीत बोलावे. स्वतःच्या उच्चाराने वाचून दाखवणे टाळण्यापेक्षा पुस्तकच टाळणे जास्त महाग पडते. पिनयिन आणि इंग्रजी अक्षरे दोन्ही पहिलीतच येणार असतील, तर दोन-तीन महिन्यांचे अंतर ठेवावे आणि अक्षरांच्या पट्ट्यांचे रंग वेगळे ठेवावेत.

पुस्तक कसे निवडावे?

स्वतः वाचायचे पहिले पुस्तक शिकवलेल्या अक्षरांतूनच उलगडणारे असावे. चित्र पाहून शब्द ओळखता येईल असे पुस्तक या मुलांना देऊ नये. ती अंदाजात आधीच पटाईत असतात. पुढे १०० शब्द मोजून मुलाला विचारावे. पाचाहून जास्त शब्द अनोळखी निघाले तर ते आपण वाचून दाखवायचे पुस्तक. दोनच अनोळखी असतील तर मुलाने एकट्याने वाचायचे.

डिस्लेक्सिया (वाचनाची मुळातली अडचण) आहे की फक्त दुसरी भाषा आहे, हे कसे ओळखावे?

सहा महिने नेमाने ध्वनी शिकवल्यावरही तीन अक्षरी निरर्थक शब्द वाचता येत नसतील, तर दोन्ही भाषांत तपासणी करून घ्यावी. एकाच भाषेतल्या चाचणीवर निर्णय घेऊ नये. चिनीत अडखळणाऱ्या मुलांत रंग-अंक भराभर सांगण्याचा मंदपणा आणि दिसायला सारख्या चिन्हांची गफलत ठळक असते, इंग्रजीत ध्वनी सुटे करण्याची अडचण. काही मुले दोन्हीकडे अडतात, काही एकीकडेच. इंग्रजीभाषक घरातल्या, जपानमध्ये वाढलेल्या एका १६ वर्षांच्या मुलाची नोंद १९९९ साली प्रसिद्ध झाली: जपानी वाचन उत्तम, इंग्रजी वाचनात मात्र डिस्लेक्सिया. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासात चिनी वाचनात अडखळणाऱ्या मुलांच्या मेंदूतला फरक डाव्या बाजूच्या पुढच्या मधल्या भागात दिसला, इंग्रजीसारख्या लिपींत तो बहुधा मागे, कानाच्या वरच्या भागात दिसतो. त्यामुळे 'चिनी छान वाचतो, म्हणजे डिस्लेक्सिया नाही' हे उत्तर पुरेसे नाही.

मराठी शिक्षकाने स्वतःच्या शिकण्यावरून काय गृहीत धरू नये?

जोडाक्षरे. 'स्त्री' आणि 'प्रश्न' लिहिलेल्या हाताला 'स्ट्रीट' अवघड का हे पटतच नाही. चिनी मुलाला स् नंतर लगेच ट् म्हणणे हा तोंडाचाच नवा व्यायाम आहे.

दुसरे म्हणजे व. आपण व्ही आणि डब्ल्यू दोन्ही एकाच 'व'ने म्हणतो. शिक्षिकेने स्वतः 'व्हेस्ट'ला दात ओठाला लावून आणि 'वेस्ट'ला ओठ गोल करून आरशात सराव करावा, नाहीतर मुलाला दोन्ही एकच ऐकू येईल. तीच गोष्ट 'थ'ची: आपला थ जीभ दातांमागे अडवून सोडतो, इंग्रजीतला जीभ दातांमध्ये ठेवून हवा वाहती ठेवतो. चिनी मुलाचा स् निदान वाहता तरी असतो, म्हणून त्याला फक्त जीभ पुढे आणायला सांगावे.

वाचताना बोट ठेवू द्यावे का?

पहिले वर्षभर हो. चिनी मजकुरात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते आणि प्रत्येक चिन्ह एकाच मापाचे असते. चिनी वाचताना डोळा एका नजरेत डावीकडचे एक आणि उजवीकडची तीन चिन्हे टिपतो. इंग्रजीत उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरे टिपावी लागतात. लांब शब्दापाशी बोटाऐवजी कोरी पट्टी घ्यावी: शब्द झाकायचा आणि डावीकडून एकेक तुकडा उघडत न्यायचा, 'फॅन', 'फॅन-टॅस', 'फॅन-टॅस-टिक'. शेवटचा तुकडा उघडेपर्यंत मुलाने पुढचे ओळखून म्हणून टाकले, तर पट्टी पुन्हा मागे न्यावी.